मोरेरांच्या घरी

ऐहोळेला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, काय काय पाहिले? उत्तर ठरलेले असते. दुर्ग मंदिर, लाडखान मंदिर, रावणफडी, आणि ज्याच्या पायात थोडा जोर असतो तो म्हणतो, मेगुटीची टेकडीही चढलो. मेगुटीवर रविकीर्तीचा शिलालेख आहे. तो न पाहता परत येणे म्हणजे आपल्या सीमाभागातल्या माणसाला पंढरपुरात जाऊन विठोबा न पाहता येण्यासारखे वाटते. पण त्याच टेकडीवर, त्याच देवळाच्या पाठीमागे, शिलालेखाहून कित्येक शतके जुनी अशी एक दफनभूमी आहे. ती पाहून आलो असे सांगणारा माणूस मला आपल्या भागात अजून भेटायचा आहे.

गेल्या हिवाळ्यात बी. ए. च्या मुलामुलींची सहल घेऊन आम्ही तिकडे गेलो. ४२ मुले, आम्ही दोघे प्राध्यापक, आणि मुलींच्या सोबतीला आमच्या कॉलेजातल्या शिपाई मावशी. बोरगावातून पहाटे चारला गाडी सुटली. निपाणी, संकेश्वर, गोकाक, लोकापूर, बागलकोट, अमीनगड. वाटेत गोकाकचा करदंट चांगला की अमीनगडचा, यावर गाडीत दोन तट पडले आणि दोन्हीकडचे पुडे संपेपर्यंत वाद मिटला नाही. मी अमीनगडच्या बाजूची.

गोकाक ओलांडले की जमिनीचा रंग बदलतो, हे मी मुलांना खिडकीतून दाखवत होते. आपल्याकडे दूधगंगा-वेदगंगेच्या काठी काळी माती आणि काळा दगड. हा दगड फोडला की त्याचे धोंडे होतात, फार तर पाटा-वरवंटा होतो. तिकडचा दगड वाळूचा, तांबूस, थराथराने सुटणारा. पहार घातली की फरशीसारखी सलग शिळा निघते. चालुक्यांनी बदामी, ऐहोळे, पट्टदकलला देवळे उठवली ती या दगडाच्या जिवावर. आणि त्यांच्याही आधी कुणीतरी याच शिळांनी वेगळे काही बांधून ठेवले होते. ते पुढे येईलच.

मेगुटी म्हणजे मेगुडी, वरचे देऊळ. पायऱ्या चढताना मध्येच एक दुमजली बौद्ध वास्तू लागते, अर्धी कोरलेली, अर्धी बांधलेली. माथ्यावर जैन मंदिर. इसवी सन ६३४ मध्ये, म्हणजे शके ५५६ मध्ये, रविकीर्ती या कवीने ते बांधवले आणि भिंतीत आपल्या राजाची, दुसऱ्या पुलकेशीची, प्रशस्ती कोरवली. भाषा संस्कृत, लिपी जुनी कन्नड. हर्षवर्धनाचा पराभव त्यात आहे. कालिदास आणि भारवी यांची नावे त्यात आहेत, त्यामुळे संस्कृत साहित्याचा काळ ठरवणाऱ्यांचे निम्मे काम या एका दगडाने केले. आणि ९९ हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा पुलकेशी स्वामी झाला, असेही त्यात म्हटले आहे.

तिथे पोचल्यावर जे व्हायचे ते झालेच. आमच्या वर्गात मराठी घरची मुले आहेत तशी कन्नड घरचीही आहेत. 'महाराष्ट्र' हा शब्द तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी इथे कोरला आहे, हे ऐकून एका बाजूच्या माना ताठ झाल्या. पुलकेशी आमचा, लिपी आमची, म्हणून दुसऱ्या बाजूच्या ताठ झाल्या. दोन्हीकडचे मोबाइल बाहेर आले. मी हस्तक्षेप केला नाही. इतिहासाच्या तासाला जांभया देणारी मुले एका शिलालेखावरून भांडतात, यात शिक्षकाला दुःख होण्यासारखे काही नाही. १९५६ सालापासून आपल्या भागात प्रत्येक दगडाला हा प्रश्न विचारला गेला आहे की, बाबा रे, तू कुणाचा? शिलालेखाला उत्तर देता येते. कधी कधी तर तो दोघांनाही हवे ते उत्तर देतो.

तिथून मुले खाली पळायच्या तयारीत होती. मी त्यांना देवळाच्या मागे नेले.

मागच्या बाजूला उघडा खडकाळ माळ आहे. झुडपे, वाळलेले गवत, आणि त्यात इथे-तिथे दगडी पेट्या. पहिल्या नजरेला वाटते, कुणीतरी गोठे बांधून सोडून दिलेत. जवळ गेले की मांडणी कळते. तीन बाजूंना उभ्या शिळा, वर छपरासारखी एक अवाढव्य शिळा, आणि चौथ्या बाजूला, समोर, एक शिळा जिच्यात गोल भोक पाडलेले. चुना नाही, माती नाही. नुसते वजनावर तोललेले. अशी चाळीसहून अधिक घरे या टेकडीवर आहेत. काहींचे छप्पर सरकलेले, काहींच्या भिंती आडव्या पडलेल्या, काही धड.

हे भोक कशाला, हा पहिला प्रश्न. अभ्यासकांमध्ये यावर एकमत नाही. कुणी म्हणतात, पुढे घरातले आणखी कुणी गेले तर त्याची हाडे आत ठेवायला वाट हवी म्हणून. कुणी म्हणतात, मेलेल्याला नैवेद्य पोचवायला. कुणी म्हणतात, जिवाला ये-जा करायला. आपल्याकडे दहाव्याला कावळ्याची वाट बघत बसणाऱ्या माणसांना यातला तिसरा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

शेजारी एक म्हातारे धनगर शेळ्या घेऊन बसले होते. मी त्यांना कन्नडमध्ये विचारले, अज्जा, हे काय आहे? ते म्हणाले, "इवु मोरेर मने री." ही मोरेरांची घरे. मोरेर म्हणजे फार पूर्वीची, बुटकी माणसे. त्यांना एवढेसे घर पुरायचे. कुणी याला मोरेरांची दुकाने म्हणतात, तर कुणी देसायांची घरेही म्हणतात.

एवढे ऐकायची खोटी, आमच्या वर्गातले एक मोरे आडनावाचे चिरंजीव पुढे झाले. "मॅडम, म्हंजे हे आमचंच की वो!" त्यावर देसाई आडनावाचा मुलगा गप्प बसेल कसा? आणि देसाई तर आपल्या भागात मराठीही आहेत आणि कन्नडही. पाच मिनिटांत त्या टेकडीची वाटणी झाली. वरची घरे मोऱ्यांची, खालची देसायांची. अज्जा हसत होते. त्यांना मराठी समजत नसावे, पण वाटणीची भाषा कुठल्याही खेड्यातल्या माणसाला समजते.

थट्टेचा भाग सोडला तर गंमत पाहा. कुणाचे ते कळले नाही की आपण ते पटकन कुणाच्या तरी नावावर चढवतो. महाराष्ट्रात डोंगरातले कोरीव काम दिसले की पांडवांनी एका रात्रीत केले म्हणतात. इकडे मोरेर. काही जण मोरेरांचा संबंध मौर्यांशीही जोडतात. सातबारा कोरा ठेवणे आपल्याला सहन होत नाही.

खरे काय ते जेवढे कळले आहे तेवढे सांगते. दक्षिणेत लोखंड वापरात आले त्या काळात, साधारण इसवी सनापूर्वी १२०० ते २०० या हजार वर्षांत, मृतांसाठी मोठमोठ्या शिळा उभारण्याची चाल होती. म्हणून याला महापाषाण संस्कृती म्हणतात. बऱ्याच ठिकाणी अख्खा देह पुरत नसत. आधी देह उघड्यावर किंवा दुसरीकडे ठेवायचा, मग उरलेली हाडे गोळा करून या दगडी घरात आणायची. सोबत काळी-तांबडी भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, भाल्याची पाती. भांडी आतून आणि गळ्याशी काळी, खाली तांबडी. ती पालथी घालून भाजली की असा रंग येतो. त्यांच्यावर कधी कधी ओरखडून काढलेल्या खुणा असतात. त्या खुणा कुणाला वाचता आलेल्या नाहीत. लिपी नाही, राजाचे नाव नाही, गावाचे नाव नाही. कुठली भाषा बोलत होते? माहीत नाही.

आपल्या सीमेची सवय घेऊन पाहिले तरी हे लोक कुठल्याच बाजूला बसत नाहीत. हीच चाल नागपूरकडे दिसते. जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा इथे गोल मांडलेली शिळावर्तुळे आहेत. जुनापाणीची नोंद रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ साली केली. माहुरझरीला तर माणसासोबत घोडा पुरलेला सापडला, अंगावर तांब्याच्या दागिन्यांसकट. मग तिकडे वर्तुळे आणि इकडे घरे, असा फरक का? एक कारण तरी साधे आहे. तिकडे मिळतात गोल धोंडे, ते रिंगण करून मांडता येतात. इकडे मिळतात फरश्या, त्यांचे घर होते. गोकाकच्या पुढे गाडीच्या खिडकीतून मुलांनी पाहिली ती दगडाची हद्द मला आपल्या नकाशावरच्या रेघेपेक्षा जास्त खरी वाटते. निदान ती कुणी आयोग नेमून ठरवलेली नाही.

घर हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण अज्जांनी तो वापरला. इटलीत रोमच्या उत्तरेला, साधारण याच काळात, एत्रुस्कन नावाचे लोक राहत होते. चेर्वेतेरी या गावाजवळ त्यांनी मऊ खडकात मृतांचे अख्खे नगर कोरले. त्यात रस्ते आहेत, चौक आहेत, आणि थडग्याच्या आत खोल्या, दारे, आढी, पलंग, उशा, सगळे दगडात. २००४ साली ती जागा तार्क्विनियाच्या रंगवलेल्या थडग्यांसह जागतिक वारशाच्या यादीत गेली. तिथेच मिळालेली एक मातीची शवपेटी रोमच्या संग्रहालयात आहे. तिच्यावर नवरा-बायको बैठकीवर शेजारी-शेजारी रेलून बसले आहेत, जेवायला पाहुणे येणार आहेत अशा थाटात. या लोकांची जिवंतपणीची घरे लाकडा-मातीची होती, ती गेली. ती कशी असतील हे आज कळते ते मृतांच्या घरांवरून. त्यांची लिपी ग्रीकांकडून घेतलेली, त्यामुळे अक्षरे वाचता येतात, पण भाषेचा अर्थ पुरता लागत नाही. आमच्या मोरेरांची तर अक्षरेही नाहीत. त्यांच्या झोपड्या गेल्या आणि एवढे मृतांचे घर उरले.

आणि चोर? ते दोन्हीकडे सारखेच. चेर्वेतेरीतून १९७१ साली चोरांनी उकरून काढलेले एक ग्रीक रंगीत भांडे पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयाने विकत घेतले. ते इटलीला परत मिळायला २००८ साल उजाडले. मेगुटीच्या टेकडीवर कुणी न्यूयॉर्कचे गिऱ्हाईक येत नाही, येतात ते गुप्तधनवाले. शिळा पाडून, खाली खणून ठेवले आहे. मिळणार काय? खापऱ्या, गंजलेले लोखंड, हाडांचा भुगा. सोने ठेवण्याइतके श्रीमंत लोक फरशीच्या घरात निजत नव्हते, हे त्या खणणाऱ्यांना कोण सांगणार? एका घराच्या आतल्या भिंतीवर बाण आणि बदामाचे चित्र काढून दोन नावे लिहिलेली होती. प्रेम करायला जागा मिळत नाही हे मला समजते. तरी थडग्याच्या आत?

समोर देवळाला कुंपण आहे, फलक आहे, राखणदार आहे. मागे काही नाही, कारण मागच्यांचे नाव घेऊन भांडणारा कुणी नाही. मराठी माणसाला ते मराठी वाटत नाहीत, कन्नड माणसाला कन्नड वाटत नाहीत. जैनांचे नाहीत, बौद्धांचे नाहीत, लिंगायतांचे नाहीत. आपण भांडतो म्हणून वाईट, असे सगळे सांगतात. मला त्या माळावर उभे राहून उलटेच वाटले. ज्याच्यासाठी भांडतो ते निदान पुसून तरी ठेवतो.

असे जपले जाऊ शकत नाही असेही नाही. कोप्पळ जिल्ह्यात, गंगावतीजवळ हिरेबेणकल इथे अशी सुमारे ४०० स्मारके आहेत. ती २०२१ साली जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्यांची पहिली नोंद फिलिप मेडोज टेलर याने १८३५ साली केली. निजामाच्या नोकरीतला हा अधिकारी, ठगांवर कादंबरी लिहिणारा. तुळजापूरच्या परिसरात घडणारी 'तारा' ही कादंबरीही त्याचीच. आपल्याकडचे ए. सुंदरा यांनी उत्तर कर्नाटकातल्या या दगडी घरांचा अभ्यास करून १९७५ साली त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. म्हणजे कुणी पाहिलेच नाही असे नव्हे. पाहिले ते अभ्यासकांनी. सहलीच्या गाड्या खालच्या वाहनतळावरून वळतात.

मुले घरे मोजत हिंडत होती तेव्हा शिपाई मावशी एका धड घराजवळ उकिडव्या बसल्या होत्या. त्या भोकातून आत बघत होत्या. मी गेले तशा म्हणाल्या, "मॅडम, हितं ल्हान पोरंबी ठेवत असतील काय वो?"

मी त्यांना इनामगावचे सांगितले. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षे खणून एक अख्खे जुने गाव उजेडात आणले. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातले. तिथे मोठी माणसे उताणी पुरलेली सापडली, घोट्याखाली पाय तोडलेली. मृताने उठून घर सोडून जाऊ नये म्हणून तसे करत असावेत, असे उत्खनन करणाऱ्यांनी म्हटले आहे. आणि लेकरे? दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, आत बाळ, आणि ते जिथे राहायचो त्याच घराच्या जमिनीखाली. वर चूल पेटायची, वर माणसे निजायची.

मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्या थोरल्याला बांधाला पुरलंय. चिंचंच्या बुडाला. अकरा दिसाचं हुतं. सासऱ्यानं तवाच सांगून ठेवलं, हितं नांगर घालायचा न्हाई. अजून घालत न्हाईत."

मोठ्यांना अग्नी देणारे आपल्यातले कितीतरी लोक तान्ह्या बाळाला मात्र अजून मातीतच ठेवतात. अशा जागांवर दगड नसतो, नाव नसते, कारण बारसेच झालेले नसते. घरातल्या चार माणसांना ठाऊक असते, एवढीच त्या जागेची नोंद. मावशींचे दुखणे पुढे होते. "आता वाटण्या झाल्यात. त्यो तुकडा धाकट्या दिराला गेलाय, आणि त्यो इकायच्या घाईत हाय. घेणाऱ्याला काय म्हाईत, मॅडम? त्यो ट्रॅक्टरच घालणार." थोडे थांबून त्यांनी विचारले, "एक धोंडा बशिवला तर चालंल काय वो?"

चालेल की नाही हे विचारायला त्यांना इतिहासाची बाई का लागावी, कोण जाणे. मी म्हटले, बसवा, पण आधी दिरांशी बोला, आणि जो कुणी जमीन घेणार आहे त्याच्याही कानावर घाला. नुसत्या धोंड्याला कुणी मानत नाही, ते तर इथे समोरच दिसते आहे. परतीच्या वाटेवर त्या माझ्या शेजारी बसल्या आणि धोंडा केवढा, शेंदूर लावायचा की नाही, शेंदूर लावला तर लोक नवस बोलायला लागतील, अशी सगळी चर्चा आमची झाली. शेंदूर नको असे ठरले. अलीकडे कळले की दिराने ऐकून घेतले आहे. व्यवहार अजून झालेला नाही.

येताना गोकाकजवळ अंधार पडला, म्हणून एक जागा राहिली. गोकाकच्या धबधब्यापासून जवळच, घटप्रभेच्या काठी कोन्नूर आहे. तिथल्या अशाच शिळांच्या घरांची नोंद १८८४ साली छापलेल्या बेळगाव जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. म्हणजे मोरेरांना भेटायला ऐहोळेपर्यंत जायलाच हवे असे नाही, ते आपल्याच जिल्ह्यात आहेत. दिवाळीनंतर पाऊस पूर्ण थांबला आणि गवत वाळले की आम्ही एका रविवारी कोन्नूरला जाणार आहोत. यावेळी मोजपट्टी आणि वही घेऊन. किती घरे उभी आहेत, किती पडली आहेत, एवढे तरी लिहून आणायचे आहे. मोरे आणि देसाई या दोघांनीही नावे दिली आहेत, मावशीही येणार आहेत. वाचकांपैकी कुणाला यायचे असेल तर कॉलेजात निरोप ठेवा. भाकरी, पाणी आणि टोपी आपापली आणायची. आणि भोकात हात घालण्यापूर्वी आत काठी फिरवून बघायची, कारण मोरेर नसले तरी त्यांच्या घरात हल्ली विंचू राहतात.